सांगायचे ते झाकतो, झाकायचे ते सांगतो

वाचकांच्या छायाचित्रांच्या सदरासाठी येणाऱ्या फोटोंखालची ओळ आता सगळीकडे एकसारखी होत चालली आहे. कॅमेऱ्याचे नाव, लेन्सचे नाव, मग गावाचे, तळ्याचे, कधी कधी पायवाटेचेही नाव. तोच फोटो एखाद्या ग्रुपवर पडला की पहिला प्रश्न येतो ‘लेन्स कोणती?’ आणि दुसरा ‘कुठं मिळाला?’ दोन्हींची उत्तरे मिनिटभरात मिळतात. फोटो किती अंतरावरून काढला, नंतर किती कापला, ऊन किती चढले होते, पक्षी घरट्यावर होता का, समोरच्या माणसाला विचारले होते का, हे कोणी विचारत नाही आणि काढणाराही आपणहून सांगत नाही.

या महिन्यात बोलायचे आहे ते या उफराट्या रिवाजाबद्दल. जे सांगितल्याने दुसरा शिकेल ते आपण झाकतो, आणि जे झाकल्याने कुणाचा जीव सुरक्षित राहील ते बिनदिक्कत सांगतो. उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्यातला राळेगाव तालुका घेऊ. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिथे एकाच धुऱ्यावर भेटतात.

आधी लेन्सची बाजू. राळेगाव हा पऱ्हाटीचा मुलूख. काळी माती, उघडी वावरे, मधून तुरीच्या ओळी आणि कडेला झुडपी जंगल. रोही (नीलगाय) असो की शिक्रा, तो दोन वावरे पलीकडेच असतो. त्यामुळे इकडचा छंदी छायाचित्रकार ७०-३०० वर फार दिवस रमत नाही, पैसे साठवून १५०-६०० घेतो. पहिल्याच रविवारी अकरा-बाराच्या उन्हात रोह्याचा कळप टिपतो आणि घरी येऊन पाहतो तर अंगावरचे केस दिसत नाहीत, शिंगांच्या कडा पाघळलेल्या. ग्रुपवर लगेच निकाल लागतो: ‘६०० ला ही लेन्स सॉफ्टच आहे.’ कोणी दुसऱ्या कंपनीचे नाव सुचवतो, कोणी विकून टाकायला सांगतो.

पुष्कळदा दोष काचेचा नसतोच, मधल्या हवेचा असतो. काळी जमीन ऊन भराभर शोषते. तिच्यालगतची हवा तापून वर उठते आणि थंड-गरम हवेचे लहानमोठे थर एकमेकांत मिसळत राहतात. दोन्हींची घनता वेगळी, म्हणून त्यांतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला थोडा वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी दिसते त्यामागे हीच तापलेली हवा असते. लांब पल्ल्याची लेन्स रोही जितका मोठा करते तितकीच ही थरथरही मोठी करते. अंतर दुप्पट झाले की तापलेल्या हवेचा पट्टाही दुप्पट होतो. मग दोन लाखांची लेन्स आणा की वीस हजारांची, फोटो सारखाच मऊ येणार. हे मे महिन्यातच होते असेही नाही. डिसेंबरातही ऊन वर आले की उघड्या वावरावर झळा दिसू लागतात. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढला तर थंडीच्या सकाळीसुद्धा हा दोष घरचाच असतो.

यावर परीक्षा सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर लावा, एकाच स्थिर वस्तूचे पाच-सहा फोटो लागोपाठ काढा. प्रत्येक फोटोत वेगळा भाग धूसर दिसला तर दोष हवेचा. प्रत्येक फोटोत तीच बाजू, तोच कोपरा धूसर राहिला तर लेन्सच्या आतली काच सरकलेली असण्याची शंका घ्या. त्यासाठी सकाळी सातला एखाद्या जिनिंगच्या विटांच्या भिंतीसमोर उभे राहा. विटांचे सांधे चारही कोपऱ्यांत सारखे उठतात की नाही ते पाहा, एफ ६.३ वर एकदा आणि एफ ८ वर एकदा. लेन्स विकण्याआधी एवढी मेहनत तरी तिच्यासाठी घ्यावी.

कापण्याचेही तसेच. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. ३०० मिमीवर काढलेला फोटो निम्म्या रुंदीपर्यंत कापला की चौकट ६०० मिमीसारखी दिसते, पण हातात उरतात ६ मेगापिक्सेल. पाव रुंदीपर्यंत कापला तर जेमतेम दीड. हे न सांगता ‘३०० वर एवढं येतं’ असे लिहिले की वाचणारा नवखा माणूस फसतो, आणि आपलाच हात वाईट असे समजून कॅमेरा कपाटात ठेवतो. त्यात व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तेवढ्या फोटोवरून दोन लेन्सांच्या धारेची तुलना करणे म्हणजे तिखट कुणाचे जास्त हे नुसत्या रंगावरून ठरवण्यासारखे आहे. तरी तासन् तास वाद चालतात, आणि त्या वादांच्या जोरावर लोक कर्ज काढून काचा विकत घेतात.

आपला छंद सुरुवातीला इतका तोंडमिटा नव्हता. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली तेव्हा छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन अवघी पंधरा वर्षे झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी या मंडळींतले नावाजलेले छायाचित्रकार. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे नियतकालिक चालवले. त्यात हौशी छायाचित्रकारांच्या कामाचे मूळ छापे असत आणि सोबत चित्रात काय आहे याचे वर्णन. चित्राबरोबर त्याची हकीकत द्यायची, ही आपल्याकडच्या छंदी छायाचित्रणाची अगदी सुरुवातीपासूनची शिस्त आहे.

हकीकत खोटी असली तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राच्याच जंगलाने दिला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर खात्रीने कोणाला मिळाले नव्हते. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात मात्र एक नमुना होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते, १९१४, मांडवी, गुजरात. अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी तपासून दाखवले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, एकोणिसाव्या शतकातल्या एका जुन्या संग्राहकाचा होता. चिठ्ठी नवी, तारीख बनावट. ती बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एका खोट्या ओळीने अभ्यासकांना इतकी वर्षे भलत्या रानाकडे बघायला लावले. पाळीव प्राण्याला रानातला म्हणून दाखवणे याच जातीचे. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ मध्ये पहिला आलेला, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पुढे २०१० च्या जानेवारीत बाद झाला. लांडगा शिकवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. फोटो उत्तमच होता. हकीकत मात्र टिकली नाही.

आता दुसरी बाजू, झाकायची. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात दोन वर्षांत तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यांत गेली आणि त्यांतल्या बहुतेक हल्ल्यांचा संशय टी-१ या वाघिणीवर होता. बाहेरच्या जगाने तिला अवनी म्हटले. तिचा माग काढायला कॅमेरा ट्रॅप लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे होते. त्या दिवसांत इथला शेतकरी वावरात जायला कचरत होता आणि बाहेर तिच्या नावाने मोर्चे निघत होते. अशा मुलखात पाऊलखुणेचा एक फोटो आणि त्याखाली गावाचे नाव ही नुसती माहिती राहत नाही. एखाद्या गावात त्याने घबराट उठते, कुणाला तिथे गाडी घेऊन धावण्याचे निमित्त मिळते, आणि वाईट हेतूचा माणूस असेल तर त्याला फुकटचा वाटाड्या मिळतो.

हे भय हवेतले नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना येथील एका वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ईमेल खात्यावर येई, ते उघडण्याचा प्रयत्न पुण्याहून झाल्याची बातमी गाजली होती. तो प्रयत्न फसला. पण जी माहिती मिळवायला कोणी संगणकाचे कुलूप फोडू पाहतो, ती आपण शाबासकीच्या चार अंगठ्यांसाठी वाटून टाकतो. आणि ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून कोंडले, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तिथे निदान फाटक होते, नोंद होती, गाइड होता आणि जाब विचारायला वनखाते होते.

राळेगावच्या वावरात यांपैकी काहीच नसते. याच जिल्ह्यातले टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तिथे जन्मलेला, ‘वॉकर’ नावाने ओळखला गेलेला रेडिओ कॉलरवाला वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि शेतांमधून, रस्ते ओलांडत, सुमारे ३००० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. विदर्भातल्या वाघांच्या वाटा अशा कापसातून आणि तुरीतून जातात. तिथे फोटो काढणाऱ्याला नियम सांगणारा दुसरा कोणी नसतो, म्हणून तो स्वतःच नियम असावा लागतो.

एक आक्षेप रास्त आहे. वाघ कुठे आहे हे गावाला कळायला नको का? कळायलाच हवे, आणि सगळ्यांत आधी. पहाटे वेचणीला निघणाऱ्या बाईला, रात्री जागलीवर बसणाऱ्या माणसाला ती खबर हवी. त्यासाठी फोन वनरक्षकाला करावा, पोलीस पाटलाला करावा. ज्याच्या वावराच्या कडेला जनावर दिसले त्याला तोंडाने सांगावे. तीनशे किलोमीटरवरच्या, लेन्सवर वाद घालणाऱ्या ग्रुपला त्या खबरीचा काही उपयोग नाही. ज्याला गरज आहे त्याला तातडीने आणि बाकीच्यांना उशिरा, मोघम, हा क्रम आपण उलटा केला आहे.

मोघम म्हणजे किती? जीवसृष्टीच्या नोंदी ठेवणारे आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप लपवते आणि ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी खूण दाखवते. आपल्या अक्षांशावर हा चौकोन साधारण २०-२२ किलोमीटर बाजूचा होतो. आपल्यासाठी हा अंदाज पुरेसा आहे. वाघ, बिबट, घुबडे, सारस आणि कोणतेही घरटे असेल तर फक्त जिल्हा लिहावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातले लोकेशन बंद ठेवावे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की फाइलमधली माहिती गळून पडते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की जशीच्या तशी जाते, हे लक्षात ठेवावे. चौकटीतही पाहावे. मागची पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मैलाचा दगड हेसुद्धा पत्ते असतात.

माणसांच्या फोटोंत हीच चूक जास्त बोचते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ देशभरच्या कॅमेऱ्यांना माहीत झाले. तेव्हापासून हार घातलेल्या फोटोशेजारी बसवलेली बाई आणि तिच्याखाली गावाचे नाव, ही चौकट वापरून गुळगुळीत झाली आहे. तिला विचारले होते का, फोटो कुठे छापणार हे सांगितले होते का, याचा उल्लेख क्वचित सापडतो. वेचणारणींचा फोटो २०० मिमीने बांधावरून घेता येतो, तसा ३५ मिमीने ओळीत शिरूनही घेता येतो. ३५ वापरायची तर आधी बोलावे लागते, नाव विचारावे लागते, मजुरीचा खाडा होणार नाही एवढे थांबावे लागते. दुसऱ्या पद्धतीच्या फोटोत चेहरे वेगळे दिसतात, आणि त्याचे श्रेय काचेला देता येत नाही.

म्हणून पुढच्या अंकापासून आमच्या सदरासाठी फोटोसोबत पाच गोष्टी हव्यात: लेन्स आणि छिद्र, अंदाजे अंतर, दिवसाची वेळ, मूळ चौकटीचा किती भाग उरला, आणि प्राणी मोकळा की पाळीव. माणूस असेल तर सहावी, त्याची संमती. ठिकाण कोणी कितीही नेमके पाठवले तरी वन्यजीवांच्या फोटोखाली आम्ही फक्त जिल्हा छापू, आणि घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो छापणार नाही. याने काही चांगले फोटो हातचे जातील, हे ठाऊक आहे. पण ३०० मिमीची साधी लेन्स, नव्वद फूट अंतर, सकाळचे सात आणि निम्मी चौकट एवढे प्रामाणिकपणे लिहिलेला शिक्र्याचा फोटो छापला, तर राळेगावचा एखादा नवखा छायाचित्रकार तो वाचून आपली लेन्स विकायचे थांबवील. एवढे झाले तरी या सदराची पाने सत्कारणी लागली असे आम्ही मानू.