चौकटीबाहेरची बहीण

ब्रिस्टलमध्ये साखरपुडा ठरला की छायाचित्रांसाठी क्लिफ्टनचा झुलता पूल ओघानेच येतो. एव्हन नदीच्या घळीवर १८६४ सालापासून उभा असलेला हा पूल आमच्या कितीतरी घरांच्या आल्बममध्ये आहे. समोर नियोजित वधूवर आणि वाऱ्याने उडणारी पांढरी साडी. छायाचित्रकाराच्या मागे मात्र चपला, शाल आणि पाण्याची बाटली सांभाळीत एक मुलगी उभी असते. ती वधूची बहीण. पदर सावरायला पुढे धावायचे आणि चटकन बाजूला व्हायचे, हे तिचे काम. शेकडो छायाचित्रांत ती एकदोनदा दिसते, तीही रांगेच्या टोकाला.

हौसेला आमचा विरोध नाही. ज्यांच्या पणजीचे एकही छायाचित्र उरलेले नाही, त्यांनी छायाचित्रे काढावीत, भरपूर काढावीत. प्रश्न चौकटीत कोण असावे, एवढाच आहे.

राजगृहातील १९३४ सालचे कौटुंबिक छायाचित्र आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई वहिनी, मुकुंदराव. अगदी टॉबी कुत्राही त्यात आहे. बाबासाहेबांच्या बहिणी मंजुळा आणि तुळसा त्यात नाहीत. भीमरावांच्या पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी सुभेदार मुंबईत सासरी असलेल्या लेकींकडे जात. धाकटीकडून जमले नाही तर थोरलीकडे. लग्नात घातलेले दागिने त्या काढून देत. ते गहाण पडत आणि पेन्शन आल्यावर सुटत. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल आपण जयंतीला तास तास बोलतो. त्या दागिन्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि त्या बहिणींची नावे आपल्या मुलांना विचारून पाहावीत.

आमच्यापैकी अनेक घरांनी धम्मदीक्षेनंतर राखी आणि भाऊबीज सोडली. रक्षण करणारा भाऊ आणि रक्षिली जाणारी बहीण, ही मांडणी आम्हाला नको होती. ते योग्यच झाले. परंतु बहिणीच्या नावाचा दिवस गेला, त्या जागी आम्ही काय ठेवले? नामकरण, पदवीदान, साखरपुडा, नव्या घरातील पहिली बुद्धवंदना हेच आता आमचे सण आहेत. तेथे तरी त्रिसरण-पंचशील झाल्यावर बहिणीला पुढे बोलवावे, तिने काय केले ते चार वाक्यांत सांगावे, आणि पहिले छायाचित्र तिच्यासह काढावे. सारख्या रंगाचे कपडे शिवून घेतले की बहिणींचा गौरव झाला, असे आम्ही मानत नाही.

आमच्यातील एका घरच्या साखरपुड्याला थोरली बहीण येऊ शकली नाही. धाकटीच्या शिक्षणाचे कर्ज तिने फेडले होते. त्या दिवशी ती नागपूरला कामावर होती. आईने मोबाइलवर तिला जोडून घेतले व मोबाइल हातात उंच धरला. काचेवर उजेड चमकतो, तो बाजूला ठेवा, असे छायाचित्रकाराने दोनदा सुचवले. आईने ऐकले नाही. त्या छायाचित्रात थोरलीचा चेहरा नीट दिसत नाही. म्हणून आल्बममध्ये त्याखाली तिचे पूर्ण नाव लिहिले आहे.