कर्तव्य पाठ, हक्क गैरहजर

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुस्तके आली, धडे आले. चाकणची मुले ॲमेझॉनच्या वर्षावनाची माहिती पाठ करतात. पण आपल्याच खेड तालुक्यात भीमाशंकरचे सदाहरित जंगल आहे, तिथे भीमा उगम पावते, महादेव कोळी आदिवासी पिढ्यानपिढ्या राहतात, हे त्यांना कोण सांगणार?

याच भीमेला तुळापूरला मिळणारी इंद्रायणी आळंदीत फेसाळते. कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी नदीत जाते आणि वस्तीतल्या मुलाला मात्र 'पाणी जपून वापर' असे बजावले जाते. हा कुठला न्याय?

संविधानाचे कलम ५१-अ वने व नद्या जपण्याचे कर्तव्य सांगते. कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते, असे १९९१ मध्येच सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. दोन्ही कलमे एकाच तासाला शिकवा, अशी आमची मागणी आहे. मुलांनी रोप जरूर लावावे; सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार अर्ज कसा लिहायचा, हेही त्यांना आले पाहिजे.