कॅमेऱ्यामागची जागा कोणाची?

गेल्या महिन्यात भाईंदरच्या आमच्या वस्तीतील एक भगिनी माझ्याकडे आल्या. मीरा रोडच्या टॉवरमध्ये चार घरची पोळीभाजी करून त्यांनी मुलाला बी. ए. पर्यंत शिकविले. मुलगा सध्या काशिमीऱ्याकडे मालिकांच्या सेटवर लाईटमन म्हणून जातो. "वकीलसाहेब, तुम्हीच त्याला समजवा. एमपीएससी सोडून कॅमेरा शिकायला पुण्याला जायचं म्हणतोय. तीन वर्षं! शिकून सवरून फोटोच काढायचे होते तर मी एवढ्या खस्ता कशाला खाल्ल्या?"

मी मुलाला बोलावले आणि, कबूल करतो, तेच सांगितले जे आपण सारे सांगतो. वकील हो, अधिकारी हो, समाजाला त्याची गरज आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. चॅनलवाले गर्दी दाखवतात, कचरा दाखवतात. पुस्तकांच्या स्टॉलसमोरची रांग किती वेळा दाखवली? कॅमेरा कुठे लावायचा ते ज्याच्या हातात असतं, तोच आपण कसे दिसायचं ते ठरवतो. मी सेटवर लाईट उचलतो. तो कुठे ठेवायचा ते मला कोणी विचारत नाही."

वीस वर्षे कोर्टात उलटतपासणी घेणाऱ्या माझ्याकडे या मुद्द्याला उत्तर नव्हते.

इतिहास पाहा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्याच १९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. बाबासाहेबांनी आणलेल्या विद्येने आपल्याला माणूसपण दिले, संविधान दिले. पडदा मात्र प्रस्थापितांच्याच ताब्यात राहिला. त्या पडद्यावर आपण कधी दिसलो तर दयेचा विषय म्हणून.

पुण्याची एफटीआयआय १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. ती केंद्र सरकारच्या पैशाने, म्हणजे आपल्याही करातून चालते. छायाचित्रणाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा जेमतेम दहा-बारा. त्यात अनुसूचित जातींच्या वाट्याला एखाद-दुसरी. तेवढ्यासाठी सगळ्या देशातून स्पर्धा. २०१९ च्या डिसेंबरात फीवाढीविरुद्ध तिथल्या विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागले. २०२५ मध्ये या संस्थेला आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला याचा आनंदच आहे. पण दर्जाबरोबर फी वाढली आणि राखीव जागा कागदावर राहिल्या, तर तो दर्जा आपल्या काय कामाचा? केरळमध्ये के. आर. नारायणन यांच्या, म्हणजे देशाच्या पहिल्या दलित राष्ट्रपतींच्या नावाने चित्रपट संस्था आहे. तिथेही प्रवेशात आरक्षण डावलल्याचा व जातीय भेदभावाचा आरोप करीत २०२२ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांनी संप केला. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांना राजीनामा द्यावा लागला. नाव आपल्या माणसाचे दिले म्हणून कारभार आपोआप न्यायाचा होत नाही, हे यातून शिकावे.

परदेशी जाण्याची वाटही अशीच अडविलेली आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएस क्रमवारीतील पहिल्या २०० विद्यापीठांची अट आहे. लॉस एंजेलिसची एएफआय किंवा पोलंडमधील वूच शहराची चित्रपट शाळा यांचे नाव जगभर आहे. पण तिथे चित्रपटच शिकवितात, त्यामुळे विद्यापीठांच्या अशा क्रमवारीत त्या बसत नाहीत. म्हणजे आमच्या मुलाने त्या दारापर्यंत जाण्याची लायकी मिळविली तरी शिष्यवृत्तीचा नियम त्याला घरी बसविणार. कला शिक्षणासाठी वेगळी यादी करा, ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनात का लिहू नये?

कोणी म्हणेल, हे चैनीचे शिक्षण आहे. वकील म्हणून सांगतो, तसे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसे गेली. टँकर पेटविले जात होते म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा बचाव केला गेला. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' बनविला म्हणून ते हत्याकांड आज नव्या पिढीला पाहता येते. पटवर्धनांचे ऋण मान्य करू. पण आपल्या मरणाची साक्ष प्रत्येक वेळी दुसऱ्याने येऊन टिपायची का? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण चित्रीकरण कोर्टात पुरावा म्हणून टिकायचे तर पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम ६५-ब आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ यांप्रमाणे प्रमाणपत्र लागते. मूळ फाईल कशी जपावी, काय टिपावे, काय कापू नये, हे शिकलेले लोक वस्तीत हवेत.

आणि कलेचे म्हणाल, तर नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट नगरच्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेताना बनला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याच 'फँड्री'मध्ये डुक्कर वाहून नेणारे जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते आणि मागे बाबासाहेब, सावित्रीमाई यांची चित्रे दिसत राहतात. कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावला असता तर तेच कुटुंब नुसते दीनवाणे दिसले असते. त्या मुलाने मला सांगितले ते हेच.

अमेरिकेतही कोडॅकच्या फिल्मचे रंग वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचा फोटो असलेल्या 'शर्ली कार्ड'वर जुळवीत. काळा चेहरा नीट उमटला नाही तरी कोणाला फिकीर नव्हती. हा अन्याय ओळखणारा ब्रॅडफर्ड यंग हा छायालेखक कुठे शिकला? १८६७ पासून कृष्णवर्णीयांना शिकविणाऱ्या हॉवर्ड विद्यापीठात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यावरचा 'सेल्मा' त्यानेच चित्रित केला. म्हणजे समाजाच्या स्वतःच्या शिक्षणसंस्थेने स्वतःचा कॅमेरा घडविला. आपल्याकडेही बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सिद्धार्थ, मिलिंदसारखी महाविद्यालये दिली. तिथे छायाचित्रणाचा पूर्ण ताकदीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालावा, ही अपेक्षा आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यातला काही भाग प्रत्येक मंडळाने बाजूला ठेवला तरी दरवर्षी दोन-चार मुलांची प्रवेश परीक्षेची फी आणि पुण्याची खोली सहज निघेल.

त्या माऊलीला मी पुन्हा भेटलो. म्हणालो, "ताई, माझंच चुकलं. जाऊ द्या त्याला पुण्याला." त्या लगेच मानल्या असे नाही. "फी कोण भरणार?" एवढेच त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी मला विचारला असला तरी तो आपल्या सगळ्यांना आहे. आमच्या विहारात पुढच्या रविवारी त्यासाठी बैठक ठेवली आहे. तुमच्या वस्तीतही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. तिला समजवायला जाण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घ्या.

जयभीम!