गाडी झोपवू नका, जागी ठेवा

पावसाळाभर गाडी गावी ठेवून बाहेर जायचंय? मग नेहमीची यादी तुम्हाला पाठ असेलच: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकी फुल करा, चाकांत हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. यादी बरोबर आहे हो, पण ती कोरड्या गॅरेजसाठी. महाड-पोलादपूरला ती जशीच्या तशी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत.

२२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. अशा वेळी बॅटरी सुटलेली, चावी मालकाच्या खिशात, मालक परदेशात... गाडी हलवणार कोण? बरं, उंचावर ठेवावी म्हटलं तर त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी कोसळल्या. म्हणजे जागा उंच हवी, पण डोंगराच्या पोटाशी नको.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर 'शटडाऊन' नको, 'स्टँडबाय' हवं. बॅटरी जोडलेलीच राहू दे. चावी शेजारच्या काकांकडे द्या, गाडी कुठे हलवायची ती जागा आधीच दाखवा. आठवड्यातून एकदा त्यांनी एक चक्कर मारली की बॅटरीही टिकते.

आणि दोन गोष्टी निक्षून सांगा. गाडीत पाणी शिरलं तर स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. दुसरं, रस्त्यावर पाणी आलं असेल तर गाडी गेली खड्ड्यात. काकांनी घराबाहेर पडायचं नाही!