मुक्या यंत्रांचा कैवार

“जुन्या खेळण्याचें कुलूप उघडून तें पुन्हां इंटरनेटला जोडीत बसणें हा उद्योग शहाण्यासुरत्या गृहस्थाला शोभतो काय?” असा प्रश्न आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं मागें आम्हांस केला. विचारतांना त्यांच्या मुद्रेवर जें स्मित होतें त्यावरून त्यांस उत्तराची अपेक्षा नव्हती हें उघड दिसत होतें. तरी आम्ही उत्तर देण्याचें योजिलें आहे. कारण या एका प्रश्नांत दोन आरोप गुंतलेले आहेत. कुलूप उघडणारा तो चोर, हा पहिला. आणि खेळ ही क्षुद्र वस्तु असल्यामुळें तिच्यासाठीं विचारी माणसानें लेखणी झिजवूं नये, हा दुसरा. आमच्या मतें पहिला आरोप खोटा आहे आणि दुसरा आंधळा आहे.

आधीं वस्तुस्थिति काय ती पाहूं. अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १५ नोव्हेंबर २००१ रोजीं एक्सबॉक्स नांवाचें गेम कन्सोल तेथें विक्रीस काढलें. दूरचित्रवाणीला जोडावयाची ही काळी पेटी म्हणजे वस्तुतः एक संगणकच होता. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृति, आंत हार्ड डिस्क, आणि पाठीमागें इंटरनेटची तार खोंचण्याची सोय, असा तिचा सरंजाम होता. बरोबर एका वर्षानें ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही सेवा सुरू झाली. वर्षाला सुमारें ५० डॉलर भरावे आणि घरीं बसून दूरदेशीच्या गड्याशीं खेळावें, बोलावें, भांडावें, अशी ती योजना होती. २००४ सालीं निघालेल्या ‘हेलो २’ या खेळानें तर लाखों तरुणांस तिचें वेड लावलें. २००६ पर्यंत या यंत्राचे सुमारें २ कोटी ४० लक्ष नग खपले.

मग १५ एप्रिल २०१० हा दिवस उजाडला आणि जुन्या यंत्रासाठीं व त्याच्या खेळांसाठीं ती सेवा बंद झाली. कारण असें सांगण्यांत आलें कीं, जुन्या यंत्राची मर्यादा सांभाळावी लागत असल्यामुळें नव्या सुधारणा करितां येत नाहींत. उदाहरणार्थ, मित्रांच्या यादींत शंभरांहून अधिक नांवें घालतां येत नाहींत. कारण खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या रात्रीं जें घडलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नव्यानें प्रवेश बंद झाला, तरी आधींपासून आंत असलेल्याचा दुवा तो आपण होऊन तुटेपर्यंत टिकतो, असें कांहीं खेळाडूंस आढळून आलें. त्यांनीं आपलीं यंत्रें बंदच केलीं नाहींत. दिवसांमागून दिवस लोटले, कोणाचें यंत्र तापून थांबलें, कोणाचा दुवा तुटला, आणि मे महिन्यांत शेवटचा गडी बाहेर पडला. निर्बुद्ध चाळ्यासाठीं माणसें असा पहारा करीत नाहींत. ज्या अंगणांत त्यांची मैत्री जमली होती तें अंगण त्यांस सोडवत नव्हतें.

पुढें बारा वर्षांनीं, २०२२ च्या नोव्हेंबरांत, ‘इन्सिग्निया’ नांवाची एक सेवा लोकांस खुली झाली. कांहीं हौशी मंडळींनीं कंपनीचे सर्व्हर कसे बोलत असत याचा अभ्यास करून तसेच बोलणारे सर्व्हर स्वतः नव्यानें रचले, आणि एकेक खेळ पुन्हां जोडण्याचा क्रम आरंभिला. यंत्र ज्या पत्त्यावर हाक मारीत असे तो पत्ता बदलला म्हणजे हाकेला ओ नव्या ठिकाणाहून मिळते. मात्र यांत एक अडचण आहे. प्रत्येक एक्सबॉक्सच्या पोटांत त्याची स्वतःची एक गुप्त किल्ली सांठविलेली असते आणि तिच्यावरून सर्व्हर त्याची ओळख पटवितो. तिची दुसरी प्रत कंपनीपाशीं, मालकापाशीं नाहीं. ती किल्ली आपल्याच यंत्रांतून वाचून घ्यावयाची तर कंपनीनें बसविलेल्या कुलपांतून वाट काढावी लागते. ‘मेकअसॉल्ट’ किंवा ‘स्प्लिंटर सेल’ अशा एखाद्या खेळाचा जतन केलेला डाव वाचतांना यंत्र जी चूक करतें, तिचा उपयोग करून ही वाट निघते. कुलपाला हात न लावतां खेळण्याचा ‘एक्सलिंक काय’ नांवाचा एक जुना उपाय आहे. परंतु एका घरांतील यंत्रें एकमेकांस जोडण्याची सोय ज्या खेळांत मुळांतच आहे त्यांनाच तो चालतो. बाकीच्यांस कुलूप उघडण्यावांचून गति नाहीं.

आतां यांतील विपरीतपणा पाहावा. सेवा चालू होती तेव्हां कुलूप काढलेलें यंत्र सांपडलें कीं कंपनी त्याला कायमचें बहिष्कृत करी. ज्यानें सर्व नियम पाळले, कवचाचा एक स्क्रूहि फिरविला नाहीं, त्याचें यंत्र त्या सेवेच्या दृष्टीनें आज मुकें आहे. ज्यानें कुलूप काढलें त्याचें यंत्र आज बोलतें. आज्ञाधारकपणाचें हें फळ! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रकार आम्हीं ऐकिला होता. येथें संन्याशाला संन्यास घेतल्याबद्दलच शिक्षा झाली आहे.

आणि गोष्ट केवळ इंटरनेटपुरती नाहीं. या यंत्राची हार्ड डिस्क संकेतशब्दानें बांधलेली असते. ती झिजून बंद पडली तर बाजारांतून दुसरी आणून नुसती बसवितां येत नाहीं. शिवाय बहुतेक जुन्या एक्सबॉक्समध्यें घड्याळासाठीं बसविलेला एक लहानसा कपॅसिटर कालांतरानें पाझरतो आणि त्याचा द्रव खालच्या पाटीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. तो काढून टाकणें हाच उपाय. म्हणजे ज्याला हें यंत्र जिवंत ठेवावयाचें आहे त्याला तें उघडावें लागतेंच. “उघडूं नका” असें सांगणारी हमी संपून वीस वर्षें होत आलीं. पाझर मात्र चालूच आहे.

विरुद्ध पक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें चोरीचें आहे. कुलूप निघालें कीं खेळांच्या फुकट नकला त्या यंत्रावर चालतात, आणि पुष्कळांनीं तेवढ्यासाठींच कुलूप काढलें, हें खरें आहे. आम्ही तें लपवीत नाहीं. परंतु यावरून निष्पन्न काय होतें? घरोघरीं विळी असते आणि विळीनें माणसाला इजाहि होऊं शकते. म्हणून भाजी चिरणाऱ्या बाईला कोणी चौकीवर नेत नाहीं. नक्कल करणें हा अपराध असेल तर नक्कल करणाराला शिक्षा करा. स्वतःच्या पैशानें घेतलेली चकती स्वतःच्या यंत्रांत घालून दुसऱ्या गांवच्या मित्राशीं खेळणाऱ्यानें कोणाचें काय चोरलें, तें आम्हांस कोणी दाखवून द्यावें. जी सेवा विकणारा आज विकीतच नाहीं, तिचें त्याचें नुकसान तरी कसें व्हावें?

दुसरा आक्षेप असा कीं, अशीं यंत्रें आलीं म्हणजे खेळांत लबाडी शिरते. शिरते; आणि म्हणूनच लबाडी करणाराला घालवून देण्याचा नियम या नव्या सेवेलाहि करावा लागला. पण दोहोंतील भेद पाहण्यासारखा आहे. कंपनी यंत्राचें रूप पाहून न्याय करीत होती, हे लोक खेळाडूचें वर्तन पाहून करितात. यांपैकीं न्यायाची रीति कोणती हें वाचकांनींच ठरवावें. अनोळखी हौशी मंडळींवर आपल्या यंत्राची किल्ली सोंपविणें यांत जोखीम आहे, हेंहि आम्ही मान्य करितों. मात्र ही जोखीम पत्करण्याची पाळी ज्यांनीं आणली त्यांनींच तिचा बाऊ करावा, हें हास्यास्पद आहे.

तिसरें म्हणणें विकणाऱ्याच्या हक्काचें. कंपनीनें अनंत काळपर्यंत सर्व्हर चालवीत बसावें काय? मुळींच नाहीं. वाणी आपलें दुकान केव्हांहि बंद करूं शकतो. पण दुकान बंद करतांना त्यानें गिऱ्हाइकाच्या घरांतील डब्यांना कुलुपें घालून किल्ल्या बरोबर नेऊं नयेत, इतकेंच आमचें मागणें आहे. हा प्रकार एका कंपनीचा किंवा एका यंत्राचाहि नव्हे. निन्टेन्डोनें वी व डीएस या यंत्रांची खेळसेवा २० मे २०१४ रोजीं बंद केली, आणि थ्रीडीएस व वी यू यांची २०२४ च्या एप्रिलांत. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजीं थांबले, तेव्हां तो खेळ एकट्यानें खेळण्याचीहि सोय उरली नाहीं. पैसे देऊन घेतलेली वस्तु एका सकाळीं नाहींशी झाली.

कायदा या बाबतींत काय म्हणतो? अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें असलें डिजिटल कुलूप तोडणें हेंच निषिद्ध ठरविलें. हेतु कोणता हा प्रश्न मागाहूनचा. त्याची दहशत एवढी कीं, ॲन्ड्र्यू हुआंग या विद्यार्थ्यानें २००२ सालीं एक्सबॉक्सच्या चिपांमधून धावणारे संदेश टिपून त्याची गुप्त किल्ली शोधली, आणि त्या शोधावर पुस्तक लिहिलें, तेव्हां ठरलेल्या प्रकाशकानें ऐन वेळीं अंग काढून घेतलें. दर तीन वर्षांनीं तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख या कायद्याला अपवाद जाहीर करतो. २०१५ सालीं बंद पडलेल्या सर्व्हरमुळें अडलेले खेळ पुन्हां चालू करण्यास परवानगी मिळाली. परंतु इंटरनेटवरून दुसऱ्यांशीं खेळण्याचा भाग तींतून वगळला. २०२१ सालीं कन्सोलच्या दुरुस्तीची मुभा दिली. पण ती चकती वाचणाऱ्या भागापुरतीच! रोग्याच्या एका डोळ्याला औषध घालावें, दुसऱ्याला घालूं नये, असा हा न्याय झाला.

आमच्या वाचकांच्या घरींहि अशीं यंत्रें आहेत, तेव्हां आपल्या देशाचा कायदाहि पाहिला पाहिजे. या बाबतींत तो अधिक शहाणा निघाला हें सांगावयास आम्हांस संतोष वाटतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५अ हें कलम घातलें गेलें. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनें जो कुलूप तोडील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. परंतु या कायद्यानें स्पष्टपणें मना न केलेल्या प्रयोजनासाठीं तें उघडण्यास प्रतिबंध नाहीं असेंहि तेथें म्हटलें आहे. अशा कामीं दुसऱ्याला साह्य करणाऱ्यानें त्याचें नांव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, एवढी अट घातली आहे. म्हणजे आपल्या विधिमंडळानें हातांतील हत्याराकडे न पाहतां मनांतील हेतूकडे पाहिलें. ही दृष्टि सोडूं नये, आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या भिडेखातर ती कोणास सोडूं देऊं नये.

राहिला क्षुद्रपणाचा आरोप. नाटक, सिनेमा आणि कादंबरी यांवरहि एके काळीं हाच आरोप होता. आणि त्या वेळच्या शहाण्यांनीं ज्या वस्तु जपण्यालायक मानल्या नाहींत त्यांसाठीं आज आपण हळहळतों. मूकपटांच्या किती फिती जळाल्या आणि किती कुजल्या, हें सांगत बसावयास नको. खेळांची स्थिति याहून बरी नाहीं. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें तेथें निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत मिळेनासे झाले होते. त्यांतहि ज्या खेळाचा प्राण दुसऱ्या माणसाच्या सोबतींत आहे, तो पेटींत घालून संग्रहालयांत ठेवतां येत नाहीं. तो खेळला जात असेल तरच आहे. म्हणून बंद पडलेलें यंत्र पुन्हां इंटरनेटला जोडणारा हौशी मनुष्य नकळत पुराभिलेखपालाचें काम करीत आहे, तेंहि पगारावांचून आणि चोर म्हणवून घेऊन.

आमचें मागणें थोडकें आहे. वस्तु विकतांनाच तिची सेवा निदान किती वर्षें चालेल तें छापावें. ‘विकत घ्या’ म्हणून भाड्यानें देऊं नये. कॅलिफोर्निया राज्याचा जो कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला त्यानें यांतील दुसरी गोष्ट कांहीं अंशीं साधली आहे. सेवा बंद करणारानें त्याच दिवशीं यंत्राची किल्ली मालकाच्या स्वाधीन करावी, म्हणजे तें दुसऱ्या पत्त्यावर हाक मारूं शकेल. आणि नफ्यावांचून अशी सेवा पुन्हां उभारणाऱ्यांच्या मागें कोणीं लागूं नये. विकलेले खेळ खेळण्याजोगे ठेवावे म्हणून युरोपांत निघालेल्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लक्षांहून अधिक सह्या झाल्या. तेव्हां हें मागणें चार पोरांचें आहे असें कोणीं समजूं नये.

आमच्या त्या विद्वान स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत त्यांच्या आजोबांचें लंबकाचें घड्याळ आहे. मध्यंतरीं तें बंद पडलें, तेव्हां त्यांनीं कारागिराला घरीं बोलावून तें उघडविलें, झिजलेलें चाक काढून दुसरें घडवून बसविलें, आणि आतां तासाचे ठोके पडले म्हणजे ते पाहुण्यांस अभिमानानें दाखवितात. त्यासाठीं त्यांनीं घड्याळाच्या कारखान्याची परवानगी मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.