मतदारावर भरवसा, नागरिकावर पहारा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून लाखो पोलादी मतपेट्या बाहेर पडल्या. इतक्या पेट्या लागल्या, कारण प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. मतदाराला काही वाचायचे नव्हते की लिहायचे नव्हते. आपल्या पसंतीचे चिन्ह असलेल्या पेटीत कागद टाकला की झाले. १९५१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के भरली होती आणि मतदार होते १७ कोटींहून अधिक.

भारताच्या घटनाकारांचे सर्वांत मोठे यश कोणते, तर हा भरवसा. ब्रिटिश अमलात मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट होती. संविधान सभाही मुख्यतः त्याच तोकड्या मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक आमदारांनी निवडली होती. तरी तिने ती शिडी आपल्यामागे ओढून घेतली नाही. मतदार याद्यांचे काम तर संविधान मंजूर होण्याआधीच सुरू झाले. अडचणी काही कमी नव्हत्या. उत्तरेत अनेक बायका यादीत स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी गाळल्या. निर्णय कठोर होता, पण मत हे बाईचे स्वतःचे असते, नवऱ्याचे नव्हे, हे त्यातून सरकारी दप्तरात पक्के झाले.

अपयशाची गोष्ट निघाली की संविधान फार लांबलचक, उसनवारीचे, अशी ठरलेली टीका होते. ती फुसकी आहे. १० वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट हुकले, पण तो दोष घटनाकारांपेक्षा नंतरच्या सरकारांचा. खरी ठेच दुसरीकडे लागते.

ऑगस्ट १९४२मध्ये नेहरू, पटेल, आझाद, पंत यांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले. आरोप नाही, खटला नाही. हीच मंडळी पुढे संविधान सभेत बसली आणि खटल्याशिवाय माणसाला कोंडण्याची सोय संविधानात, तीही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, लिहिली गेली. फाळणीच्या कत्तली, गांधीहत्या, तेलंगणातील सशस्त्र लढा यांमुळे दिल्लीतले भय खोटे नव्हते, हे मान्य. पण तात्पुरत्या भयाला कायमचे घर बांधून द्यावे का?

सभेत याची जाण नव्हती असे नाही. हक्कांचा पहिला मसुदा आला तेव्हाच, एप्रिल १९४७मध्ये, कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी तो पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्याचा टोला हाणला होता. आणीबाणीत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करणाऱ्या तरतुदीला ह. वि. कामत यांनी कडाडून विरोध केला. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून कायद्याच्या न्याय्यतेची कसोटी वगळली गेली, ही उणीव आंबेडकरांनाही बोचत होती. तिची भरपाई म्हणून त्यांनी कलम २२ आणले. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, वकील मिळणे हे त्यातलेच. पण त्याच कलमाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा मिळाली. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले.

प्रजासत्ताकाला महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५०मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. मांडणारे सरदार पटेलच. मद्रासच्या तुरुंगातून कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला. १९७५च्या आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्याच कायद्याखाली माणसे कोंडली गेली आणि पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने स्थानबद्धांना दारही उघडले नाही. न्या. ह. रा. खन्ना तेवढे एकटे वेगळे राहिले.

१९७८मध्ये जनता सरकारने ४४वी घटनादुरुस्ती केली. जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, असे तिने ठरवले. तिच्याच तिसऱ्या कलमात, स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली होती आणि त्या मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने व्हायची होती. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींची सही झाली. ते लागू करण्याची अधिसूचना मात्र त्यानंतरच्या एकाही केंद्र सरकारने काढलेली नाही.