नजर खाली ठेवणारी मुलगी

मुलगी पाहून आलेल्या खाला-फुप्पींच्या तोंडून तारीफ ऐका. पोरगी गुणाची आहे, नजर वर करत नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही, सगळ्यांना वाढून झाल्यावर दोन घास खाते. आमच्याकडे याला हया म्हणतात, आणि हया चांगलीच गोष्ट आहे. पण या तारीफेच्या आड दोन गोष्टी वर्षानुवर्षं लपून राहतात असं माझं मत आहे. एक स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. दुसरी अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत नेण्याचा आजार, ज्यात घरात अन्न असतं आणि माणूस तरीही उपाशी राहतो.

या दोन्हींचा काही संबंध आहे का, हा प्रश्न स्वीडनचे बालमनोविकारतज्ज्ञ क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी 1983 मध्ये विचारला. त्यानंतर अनेक अभ्यास झाले. अ‍ॅनोरेक्झिया असलेल्या स्त्रियांमध्ये स्वमग्नतेची लक्षणं इतरांपेक्षा जास्त आढळतात. काहींना तर खाण्याच्या आजारावर बरीच वर्षं उपचार झाल्यावर कळतं की आपण लहानपणापासून स्वमग्न होतो. दोन्हींत सारखी दिसणारी एक अडचण म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून, आवाजावरून ओळखणं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून दाखला माझ्या फळ्यावरचाच देते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळं लिहिलेलं असतं. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. सीन आणि रे एवढंच लिहिलं, तर ते ‘सर’ वाचायचं की ‘सुर’ हे वाचणारा संदर्भावरून ठरवतो. ज्याच्या घरात उर्दू आहे त्याला हे आपोआप जमतं. माणसांचे चेहरेही असेच, बिनजेर-जबरचे. बहुतेकांना ते वाचता येतात. स्वमग्न मुलाला मात्रा लिहून द्यावी लागते. ‘मी तुझ्यावर रागावले नाही, मी दमले आहे,’ असं शब्दांत सांगावं लागतं. सांगितलं की त्याला कळतं. ही बुद्धीची कमतरता नाही, आणि बेअदबी तर मुळीच नाही.

ही क्षमता मोजायला सायमन बॅरन-कोहेन यांची डोळ्यांच्या फोटोंची चाचणी खूप वापरतात. तिच्या 2001 च्या आवृत्तीत 36 फोटो आहेत. फक्त डोळ्यांची पट्टी दिसते आणि त्यावरून मनातला भाव ओळखायचा. स्वमग्न प्रौढांना त्यात सरासरीने कमी गुण मिळतात. अ‍ॅनोरेक्झियाच्या रुग्णांचेही बऱ्याच अभ्यासांत थोडे कमी येतात, पण त्यांच्या बाबतीत एक पेच आहे. भूकच माणसाला बदलते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, थट्टामस्करी संपली, लोकांत मिसळणं सुटलं, डोक्यात फक्त अन्न उरलं. म्हणजे उपाशी मुलगी माणसांपासून तुटलेली दिसली, तर ती मुळात तशी आहे की भुकेने तशी झाली, हे त्या अवस्थेत सांगता येत नाही. आधी शरीर सावरावं लागतं. आणि तिच्या अम्मीला एक प्रश्न विचारावा लागतो: चार-पाच वर्षांची असताना ही कशी होती? एकटीच खेळायची का, कपड्याची शिवण टोचते म्हणून रडायची का, ठरावीक दोनच पदार्थ खायची का? उत्तर ‘हो’ असेल तर जेवणाचं कारणही वेगळं असू शकतं. जाड होण्याची भीती नसेलही. वास, चिकटपणा, ताटात एकमेकांत मिसळलेलं कालवण तिला सहन होत नसेल.

पण वाचता न येण्याचा सगळा दोष त्यांच्याच माथी का मारायचा? डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की गैरसमज दुहेरी असतो. स्वमग्न माणसाला आपण कळत नाही, तसा तोही आपल्याला कळत नाही. मला हे वाचताना सूरह अबस आठवली. बहुतेक तफसीरकारांच्या मते तिचा संदर्भ हजरत इब्न उम्मे मकतूम यांचा आहे. ते अंध होते. कपाळावरची आठी त्यांना दिसणारच नव्हती, तरी तिची दखल घेतली गेली. चेहरा ज्याला वाचता येत नाही, त्याच्याशी नीट वागण्याची जबाबदारी ज्याला दिसतं त्याची आहे.

आमच्या चिंचपाड्यात, किंबहुना सगळ्या नवापूर तालुक्यात, बारीक मुलगी दिसली की आधी डोक्यात येतं कुपोषण. नंदुरबार जिल्ह्यात ते साहजिकच आहे. अक्कलकुवा-धडगावचे आकडे दरवर्षी पेपरात असतात. लोहाच्या गोळ्या मिळतात आणि विषय संपतो. खाऊनपिऊन सुखी घरातली मुलगी वाळत चालली तर कुणी नजर लागली म्हणतं, तावीज बांधतं. सगळ्यात अवघड महिना रमजानचा. तेव्हा न खाणं हेच पुण्याचं असतं. शव्वालचे सहा झाले, मग दर सोमवार-गुरुवारचे नफील रोजे सुरू होतात, आणि घर अभिमानाने सांगतं की आमची पोरगी किती दीनदार. खरी इबादत कुठली आणि आजाराने घेतलेला आडोसा कुठला, हे बाहेरून दिसत नाही. सहेरी-इफ्तारला तिच्या ताटात काय होतं, एवढं मात्र पाहता येतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या यादीतही ती आहे. शिक्षकाने बोट दाखवलं तरच पथक शांत मुलीकडे वळतं, कारण शांत मुलीची तक्रार कुणी करत नाही. मनोविकारतज्ज्ञ दूर असला तरी टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कुरआनने आजाऱ्याला रोज्याची सवलत दिली आहे, हे प्रत्येकाला पाठ आहे. रमजानच्या आधीच्या जुम्याला इमामसाहेब मसले सांगतात: साखरेच्या पेशंटने काय करावं, गरोदर बाईने काय करावं. त्यात एक वाक्य वाढवावं, की खाणं सुटण्याचा हा आजारही आजारच आहे आणि डॉक्टरांनी मना केलं असेल तर या मुलीने रोजा ठेवू नये. मुली मशिदीत नसतात, पण त्यांचे अब्बू पहिल्या सफेत बसलेले असतात.